प्याद्यांच्या पुस्तकाचं प्रकरण

अधीक्षक सलग तीन रविवार व्याह्यांकडून बुद्धिबळात हरले, तेव्हा त्यात त्यांची स्वतःची काही चूक असेल, ही शंका घरात कोणी बोलून दाखवली नाही. पाणीमीटर खात्यात चौतीस वर्षं घासून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेला माणूस चुकत नसतो. चुकतं ते हाताखालचं कोणीतरी, आणि पटावर हाताखाली होती प्यादी. पहिल्या रविवारी त्यांची दोन प्यादी एकाच उभ्या ओळीत एकामागे एक अडकून बसली. दुसऱ्या रविवारी एक प्यादं पटाच्या मधोमध पोरकं पडलं आणि तिथेच मेलं. तिसऱ्या रविवारी व्याह्यांचं एक किरकोळ प्यादं कडेकडेनं चालत आलं आणि अधीक्षकांच्या डोळ्यांदेखत वजीर झालं. व्याह्यांचं आयुष्य चष्म्याच्या दुकानात गेलेलं. खेळी केली की ते आपला चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला सावकाश पुसायचे, आणि तो पुन्हा नाकावर चढेपर्यंत अधीक्षकांचा रक्तदाब चढलेला असायचा.

"घरात मार्गदर्शक साहित्य नाही, ही खरी अडचण आहे," तिसऱ्या रविवारी व्याही गेल्यावर अधीक्षकांनी जाहीर केलं. "प्याद्यांच्या खेळावर एक चांगलं पुस्तक निवडावं लागेल. नवशिक्यांसाठी."

नवशिका कोण, हे विचारायची सोय नव्हती. मुलगा वर्तमानपत्रामागे गेला. सुनेनं टेबलावरचे कप उचलले.

सुनेला त्या दिवशी वेगळंच काही बोलायचं होतं. लग्नाआधी आणि लग्नानंतरची दोन वर्षं ती एका रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची. मुलगी झाली आणि नोकरी सुटली, म्हणजे सोडवली गेली. आता मुलगी चार वर्षांची होती, बालवाडीतून साडेबाराला परत यायची, आणि त्याच प्रयोगशाळेनं एक तारखेला पत्र पाठवलं होतं: दुपारी एक ते सहाची जागा रिकामी आहे, अठ्ठावीसपर्यंत होकार कळवा, पुढच्या एक तारखेपासून या. सगळं अडलं होतं ते एका गोष्टीवर. दुपारी मुलीपाशी घरात कोणीतरी हवं होतं. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली होती. नवरा विमा कचेरीतून सातला यायचा. घरात दिवसभर असायचे ते एकटे अधीक्षक, धडधाकट, दोन्ही वेळ फिरायला जाणारे, आणि दुपारी खिडकीशी बसून समोरच्या इमारतीचा पाण्याचा पाइप गळतो का, यावर नजर ठेवणारे.

तिनं नवऱ्याला आधी सांगितलं होतं. "बाबांशी बोलून घे," तो म्हणाला. लग्नात सप्तपदीऐवजी या माणसानं हेच वाक्य सात वेळा म्हटलं असतं तरी चाललं असतं.

सोमवारी सकाळी ती बोलली. अधीक्षकांनी पत्र हातात घेतलं, उलटं करून मागची कोरी बाजूही पाहिली आणि परत दिलं.

"सूनबाई, एका वेळी एकच प्रकरण. आधी हे प्याद्यांचं मार्गी लागू दे. मग तुझं हातात घेऊ."

"बाबा, अठ्ठावीसपर्यंत कळवायचंय."

"मग प्याद्यांचं लवकर उरकू या. तूच मदत कर."

मदत म्हणजे काय, ते दुपारी कळलं. अधीक्षक वाचनालयातून, एका पुस्तकांच्या दुकानातून आणि फिरायच्या मित्राकडून मिळून सहा पुस्तकं घेऊन आले. एक नवी फाईल आणली, तिला दोरी लावली, वर झोकदार अक्षरात विषय लिहिला: 'नवशिक्या खेळाडूंचा प्याद्यांचा खेळ सुधारण्याकरिता योग्य पुस्तकाची निवड करणेबाबत.' मग ती फाईल आणि सहाही पुस्तकं त्यांनी सुनेपुढे ठेवली.

"प्रत्येकावर एक टिपणी. मुद्दे क्रमांक घालून. शेवटी शिफारस. 'मान्यतेस्तव सादर' लिहायला विसरू नकोस."

"पण मला बुद्धिबळ येत नाही बाबा."

"मला तरी मीटर कुठे दुरुस्त करता येत होतं?" अधीक्षक म्हणाले, आणि त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही.

खरं म्हणजे तिला खेळता यायला हवं होतं. तिच्या माहेरी पट बारा महिने मांडलेला असायचा. पण आप्पांनी, म्हणजे याच व्याह्यांनी, शिकवलं ते तिच्या भावाला. ती मागून पाहायला उभी राहिली की आप्पा म्हणायचे, "उजेड अडवू नकोस बाळा." भावानं पुढे मोटारसायकलींचं वेड घेतलं आणि प्याद्यांना कायमचा रामराम ठोकला. तिला मात्र परत कोणी बोलावलं नाही.

आता लेक झोपली की ती टेबलावर पट मांडायची, पुस्तक उघडायची आणि वाचायची. रक्ताच्या काचपट्टीवर एकेक पेशी मोजायची सवय असलेली बाई ती. पहिल्या दोन दिवसांत तिला घोडा कसा चालतो ते कळलं, चौथ्या दिवशी पुस्तकं कशी चालतात ते कळलं.

पहिलं होतं जाडजूड निळं, सहाशे पानांचं. लिहिणारा कुठल्यातरी काळी विजेता होता आणि ती गोष्ट तो दर दहा पानांनी वाचकाला आठवून देत होता. तिनं टिपणीत लिहिलं: 'लेखक पहिल्या पानापासून गृहीत धरतो की वाचकाला सगळं येतं. सगळं येणारा माणूस हे पुस्तक घेणार नाही, आणि न येणाऱ्याला ते कळणार नाही.' दुसऱ्या पुस्तकाच्या नावात प्यादी होती, आत मात्र वजीर, उंट आणि हत्ती यांचीच धामधूम होती. प्यादी फक्त मरायला यायची. तिसऱ्यात डोकं धरून बसलेल्या मोठमोठ्या खेळाडूंचे फोटो होते. चौथ्यात भरपूर सराव होता, पण वाचनालयाच्या त्या प्रतीतून उत्तरांची पानं कोणीतरी फाडून नेली होती. पाचवं पुस्तक सात दिवसांत तरबेज करायचं वचन देत होतं आणि सहाव्या दिवसापर्यंत वाचकाची पाठ थोपटत होतं.

सहावं पुस्तक चौऱ्याण्णव पानांचं, पातळ, खडबडीत कागदाचं. एका पानावर एकच आकृती, मोठी. आकृतीत दोन राजे आणि दोन-तीन प्यादी, बाकी पट रिकामा. खाली एकच प्रश्न, आणि पान उलटलं की उत्तर. अकराव्या पानावर होतं: प्याद्याला वजीर करायचं असेल तर आधी राजा पुढे न्या, प्यादं मागून येऊ द्या. ती ते पान लावून बसली. तीनदा प्यादं आधी ढकलून पाहिलं, तीनदा समोरचा राजा आडवा येऊन उभा राहिला. चौथ्यांदा राजा पुढे नेला आणि प्यादं सुरळीत शेवटच्या घरात गेलं. भरदुपारी, एकटीच, ती मोठ्यानं हसली. चार वर्षांत तिच्या डोक्याला कोणी एवढं काम दिलं नव्हतं, आणि त्या आनंदात आपल्याला हे वेठीला धरून दिलंय, हेसुद्धा ती घटकाभर विसरली.

तिनं सहाव्याची शिफारस केली. अधीक्षकांनी पुस्तक दोन बोटांत धरून हलवलं.

"वजन नाही याला."

"बाबा, नवशिक्यानं आधी शेवट शिकावा. मोहरे कमी असले की प्याद्याची किंमत कळते. यात नेमकं तेच आहे. मुद्दा क्रमांक तीन बघा ना."

मुद्दा क्रमांक तीन बघायची अधीक्षकांची रीत नव्हती. चौतीस वर्षं त्यांच्या टेबलावर रोज साठ-सत्तर टिपण्या येत. सगळ्या वाचत बसलं असतं तर शहराला पाणी मिळालं नसतं, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. ते शेवटची ओळ पाहत, खालच्या माणसाची सही पाहत आणि अधूनमधून दरारा राहावा म्हणून एखादी विचारणा करत. इथेही तेच चाललं. पहिल्या टिपणीवर त्यांनी विचारलं, "पृष्ठे किती?" दुसरीवर, "बांधणी कशी?" तिसरीवर, "लेखक कोणत्या हुद्द्यावर होते?" आणि सहावीवर शेरा मारला: 'निळ्या पुस्तकाशी तुलना करून फेरसादर.'

तो वीस तारखेचा दिवस. तिनं पुन्हा प्रयोगशाळेचा विषय काढला. अधीक्षक दुखावल्यासारखे झाले. "अर्ध्यावर आलेलं काम सोडून? तूच सांग, हे शोभतं का?" रात्रीच्या जेवणाला नवरा म्हणाला, "बाबा नाही म्हणालेत का? नाही ना. मग?" तिला त्या क्षणी ताट उचलून त्याच्या डोक्यावर पालथं घालावंसं वाटलं. तिनं त्याला भात वाढला.

दुसऱ्या दिवशी तिनं एक प्रयोग केला. प्रयोगशाळेतली बाई, संशय आला की नमुना तपासून पाहणारच. चौथ्या पुस्तकाची टिपणी तिनं सुधारित म्हणून पुन्हा लिहिली आणि दुसऱ्या मुद्द्यात घातलं: 'सदर पुस्तक रोज अर्धा तास डोक्यावर ठेवल्यास टकलावर केस येतात, असा अनुभव आहे.' अधीक्षकांचं टक्कल उन्हात आरशासारखं चमकायचं. त्यांनी फाईल घेतली, शेवटची ओळ पाहिली, "उत्तरांची पानं मिळवता येतील का?" असं विचारलं, आणि लांबलचक सही ठोकली.

ती फाईल घेऊन स्वयंपाकघरात आली. तिला हसू आलं आणि मग एकदम राग आला. अठरा दिवस ती जीव ओतून लिहीत होती, एकेक आकृती पटावर लावून खात्री करत होती, आणि हा माणूस एक अक्षर वाचत नव्हता.

चोवीस तारखेला फेरसादर टिपणी गेली. तुलनेचा तक्ता होता, निळ्याचे आणि पातळाचे गुण-दोष होते, सगळं खरं आणि नेटकं. मुद्दा क्रमांक सात असा होता: 'सून एक तारखेपासून प्रयोगशाळेत दुपारी एक ते सहा कामावर रुजू होईल. त्या वेळेत नातीला सांभाळण्याची जबाबदारी अधीक्षक स्वतः घेतील.' शेवटी: 'सबब मान्यतेस्तव सादर.'

अधीक्षकांनी पानं उलटली. सातव्या मुद्द्यावर त्यांचा अंगठा टेकला.

"तर मग निळंच घेऊ," अधीक्षक म्हणाले. टिपणीत नेमकी उलट शिफारस होती. त्यांनी सही केली, तारीख घातली.

त्याच दुपारी तिनं प्रयोगशाळेला होकार कळवला. फसवल्याची टोचणी लागली, नाही असं नाही. पण वीस दिवस जिला दारात उभं करून ठेवलंय, तिनं खिडकीतून आत जायचं नाही, हे कोणी ठरवलं, असं तिनं स्वतःला विचारलं. घरात तर अजून कोणाला काही सांगितलेलंही नव्हतं.

महिन्याचा शेवटचा दिवस रविवार होता. पुस्तक ठरेपर्यंत अधीक्षकांनी मधले डाव तहकूब ठेवले होते; आज व्याही आपल्या वेळेला आले. अधीक्षकांनी निळं पुस्तक कोपराखाली घेतलं, जणू त्यातलं ज्ञान कोपरातून वर चढणार होतं. नवरा प्रेक्षक म्हणून खुर्ची ओढून बसला. सून चहा ठेवून तिथेच उभी राहिली, पण उजेड अडणार नाही अशा बेतानं.

"आज प्याद्यांची साखळी करतो," अधीक्षक म्हणाले. साखळी म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं. शब्द पाठीमागच्या मुखपृष्ठावरचा होता.

तरीही खेळ त्यांच्या बाजूनं गेला, कारण व्याह्यांच्या हातून एक घोडा फुकट गेला. मोहरे कटत कटत दोघांचे राजे उरले, अधीक्षकांची दोन प्यादी उरली आणि व्याह्यांचं एक. अधीक्षकांच्या चेहऱ्यावर तेज आलं. सुनेनं पट पाहिला. अकरावं पान तिच्यासमोर जसंच्या तसं मांडलेलं होतं. अधीक्षकांचा हात प्याद्याकडे गेला.

"बाबा, आधी राजा," तिच्या तोंडून निघून गेलं.

"मध्ये बोलू नये," अधीक्षक म्हणाले आणि त्यांनी प्यादं ढकललं. मग आणखी एक घर ढकललं. व्याह्यांचा राजा आडवा आला, त्यानं ते प्यादं खाल्लं, मग दुसरं खाल्लं. पुढे व्याह्यांच्या एकुलत्या एका प्याद्यानं काय केलं, हे सांगायला नको. व्याह्यांनी चष्मा काढला. पण पुसला नाही. ते आपल्या मुलीकडे पाहत होते.

"तुला कसं कळलं गं?"

"पुस्तकात होतं आप्पा. मी बाबांना टिपणीत लिहून दिलं होतं. आकृती काढून."

"मग साहेब, तुम्ही टिपणी वाचली नव्हती का?"

अधीक्षक ताठ झाले. हरणं एक वेळ परवडलं असतं. "अक्षर न् अक्षर वाचलंय. न वाचता मी जन्मात कधी सही केलेली नाही."

ही संधी पुन्हा येणार नाही, हे तिला कळलं. ती आत गेली, फाईल आणली, आणि आवाज शक्य तितका साधा ठेवून म्हणाली, "मग बाबा, सातव्या मुद्द्याप्रमाणे मी उद्यापासून जाते. तुम्ही मान्यता दिली आहेच." आणि तिनं तो मुद्दा वाचून दाखवला.

नवऱ्याचं तोंड उघडं राहिलं. व्याह्यांचा चष्मा हातातच होता. अधीक्षकांनी फाईल ओढून घेतली. सही त्यांचीच होती, तारीखही त्यांचीच. आपण आणखी कशाकशावर सही केली आहे, ते पाहायला त्यांनी भराभर मागची पानं उलटली आणि चौथ्या पुस्तकापाशी ते थांबले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक टिपणी पूर्ण वाचली. त्यांचा हात नकळत डोक्याकडे गेला. मग त्यांनी सुनेकडे पाहिलं. तिनं नजर खाली केली नाही.

"काय आहे त्यात? बघू," व्याह्यांनी हात पुढे केला.

"खात्याचा अंतर्गत कागद आहे," अधीक्षक म्हणाले आणि त्यांनी फाईलची दोरी दोन गाठी मारून बांधली. मग घसा साफ केला. "मान्यता दिली आहे. पूर्ण विचार करून दिली आहे. मुलींनी घरात का कुजावं?"

मग नवऱ्याला कंठ फुटला. "बघ, मी म्हणत नव्हतो, बाबांशी बोलून घे?" व्याही तर उठून उभे राहिले. त्यांचे डोळे पाणावले होते. "साहेब, मी बाप असून मला हे सुचलं नाही. मीच हिला म्हणालो होतो, मूल मोठं होईपर्यंत घरी बस. तुम्ही थोर आहात." त्यांनी अधीक्षकांचे दोन्ही हात हातात घेतले. सुनेकडे कोणी पाहिलं नाही. ती कप उचलून आत गेली आणि नळ मोठा सोडून थोडा वेळ नुसती उभी राहिली. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटत होतं ते लुटल्यासारखं.

सोमवारी ती कामावर रुजू झाली. हाताला सगळं आठवत होतं: काचपट्ट्या, सूक्ष्मदर्शकाचा गोल, डावीकडून उजवीकडे मोजत जाणं. दोन आठवड्यांत ती पूर्वीसारखी वेगानं काम करायला लागली. घरी नात आणि आजोबा यांचं बरं जमलं. नातीनं पटावरचे दोन हत्ती बाहुलीच्या आंघोळीला नेले आणि अधीक्षकांनी ते शोधण्यात दुपारच्या दुपारी घालवल्या. समोरच्या इमारतीचा पाइप बेवारशी गळायला लागला. संध्याकाळी फिरायला गेले की अधीक्षक सुधारलेल्या विचारांवर बोलत. निवृत्तांच्या मंडळात त्यांचं छोटंसं भाषणही झालं आणि टाळ्या पडल्या. रस्त्यात भेटलेल्या बायका सुनेला थांबवून म्हणायच्या, "नशीब काढलंस गं." खरं सांगायची तिला फार इच्छा व्हायची. पण खरं सांगितलं असतं तर मान्यता खोटी ठरली असती, आणि ती खोटी ठरली असती तर दुपारी मुलीपाशी कोणी नसतं. म्हणून ती दर वेळी "हो ना" म्हणायची आणि आतल्या आत जळायची.

महिनाभरानं प्रयोगशाळेच्या मुख्य बाईंनी तिला आपल्या टेबलाशी बोलावलं. त्या हसत होत्या.

"तुझ्या सासऱ्यांचं पत्र आलंय. किती मोठ्या मनाचा माणूस! वाच."

झोकदार अक्षरात लिहिलं होतं: 'अधोस्वाक्षरीकाराने आपल्या सुनेस आपल्याकडे काम करण्यास सहा महिन्यांपुरती परवानगी दिली आहे. त्यानंतर तिच्या घरकामाचा आढावा घेऊन मुदतवाढीचा विचार करण्यात येईल. आपल्या माहितीकरिता व पुढील योग्य त्या कार्यवाहीकरिता.' खाली सही, तीच, पानाच्या अर्ध्या रुंदीची.

"उत्तर काय द्यायचं?" बाईंनी विचारलं.

"मी देते," ती म्हणाली.

तिनं खुर्ची ओढली आणि पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं, एकही शब्द न गाळता. बाईंचं पेन घेऊन समासात लिहिलं, 'वाचलं. दप्तरी दाखल.' खाली आपली सही केली, तारीख घातली, आणि पुढची काचपट्टी लावायला गेली.